नळातली दया

"दयेचं औषध नळाच्या पाण्यातून सोडायची अक्कल तुमच्यातल्या कुणाची, ते आधी सांगा!"

पाणीखात्याचे साहेब इस्पितळाच्या वॉर्डात शिरताच कालिंदी खाटेवरून ओरडली. तिच्या मांडीवरची चार दिवसांची लेक सलाइनवर होती.

साहेब हसले. "ताई, वर्षभरात गावात कुणी मटण खाल्लं नाही, दूध प्यालं नाही. नुसत्या वासानं उलटी होते. तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. तुम्ही आधीपासूनच व्हीगन ना?"

"होय, पण माझी मी झाले! वासराला लांब बांधून गाय पिळताना बघितली, तेव्हापासून. शेंगदाण्याचं दही, नारळाच्या दुधातली खीर मिटक्या मारत खाते. मला कुणी औषध पाजलं नव्हतं."

"मी टोमणे मारून थकले," शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पण हिनं माझ्या ताटातली तुपाची वाटी कधी काढून घेतली नाही."

साहेब घड्याळ बघू लागले. "सोयाची पावडर पाजा की."

"पाजली. अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला."

कालिंदीनं लेकीला छातीशी धरलं. भुकेली पोर अधाशासारखी प्याली आणि लगेच सगळं ओकली. पोटात असतानाच औषध तिच्यात उतरलं होतं. त्या औषधाला आई आणि गाय यांतला फरक कळत नव्हता.

"याला उतारा काय?" सासूबाईंनी विचारलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "बनवलाच नाही. लोक परत दुधामटणाकडे वळले असते."

कालिंदीचा गाऊन दुधानं भिजत होता.

"साहेब, हे दूध मी कुठल्या वासराच्या तोंडचं काढलेलं नाही. हिच्यासाठीच आलंय. मग माझ्या पोरीनं प्यायचं काय? बोला!"