नऊ नंबर

बाबांना बूट घालायला गेलं की ते लाथा झाडायचे, “हे माझे नाहीत!” म्हणून ओरडायचे. वृद्धाश्रमातल्या सिस्टर म्हणाल्या, “स्मृतिभ्रंशात संशय येतोच. गोळी सुरू करू, शांत होतील.” मी सही केली. बाबा खरंच शांत झाले, दिवसभर खुर्चीत पेंगू लागले. महिन्यानं मोजे बदलताना त्यांची बोटं काळीनिळी दिसली. बूट उलटा करून पाहिला: नंबर सात. बाबांचा नऊ. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांशी अदलाबदल झाली होती. चाळीस वर्षं बूट शिवणारा माणूस खरं तेच सांगत होता. आज मी त्यांनीच शिवलेली त्यांची जोडी परत मिळवली. आश्रमातल्या मावशींनी ती झटकन चढवली. “बघा ताई, आता कसे शहाण्यासारखे घालून घेतात!” डावा बूट उजव्या पायात होता. मी खाली बसून म्हणाले, “ओरडा ना, बाबा.” त्यांनी आज्ञाधारकपणे मान डोलावली.