समोरच्या बिल्डिंगमधलं भजन

डोंबिवलीतलं प्रमोदिनीताईंचं भजनी मंडळ फोडून हेमांगीने समोरच्याच बिल्डिंगमध्ये स्वतःचं मंडळ काढलं. पेटीवालीही तिकडेच गेली. तेव्हापासून प्रमोदिनीताई दर गुरुवारी खिडक्या सताड उघडून वरच्या पट्टीत गाऊ लागल्या.

शेवटी इतिहास शिकवणाऱ्या सुनेने, ऋजुताने, विषय काढला.

“आई, इंग्लंडमधल्या एका खेड्यात मेथॉडिस्ट पंथाच्या लोकांचं असंच फाटलं. देव एक, गाणी तीच, तरी रस्त्याच्या दोन बाजूंना दोन प्रार्थनाघरं बांधली. एकमेकांवर जळण्यात पिढ्या गेल्या. आज दोन्हींना कुलूप आहे, गायला माणूस उरला नाही.”

प्रमोदिनीताईंनी हातातले टाळ खाली ठेवले. समोरच्या खिडकीकडे एकदा बघितलं. मग हळूच म्हणाल्या,



“आधी कुणाचं बंद पडलं गं?”