कासार गल्ली बंद केली तर

कासार गल्ली वाहनांना बंद केली तर काय होईल, हे वाहतूक अभियंत्या शर्मिष्ठा केळुसकर संगणकातल्या शहरात पाहत होत्या. तिथे खऱ्या शहरातला प्रत्येक रहिवासी नावानिशी होता. वर्षभरात अपघातातले अकरा जीव वाचत होते. एक मात्र जात होता. हृदयविकाराचा झटका, वळशाने आलेली रुग्णवाहिका, सात मिनिटांचा उशीर. नाव दत्ताराम पेडणेकर.

शर्मिष्ठांनी वळसा बदलला, सिग्नल बदलले. पेडणेकर वाचले की दुसरीकडे तिघे-चौघे जात.

दुपारी पेडणेकर स्वतःच कार्यालयात आले. याच गल्लीत ट्रकखाली त्यांची नात गेली होती. गल्ली बंद व्हावी म्हणून ते सहा वर्षं अर्ज करत होते.

"मॅडम, अहवालाचं काय झालं?"

"गल्ली बंद होईल."

पेडणेकरांचे डोळे भरून आले. संगणकात कोण जातं, ती नावं सांगायला कायद्याने बंदी होती. शर्मिष्ठा एवढंच म्हणाल्या, "काका, तुम्ही मुलाकडे राहायला का जात नाही?"

"आता कशाला जाऊ? आता तर गल्लीत पोरं खेळतील." दारापाशी ते थांबले. "यानं कुणाला त्रास तर नाही ना होणार?"

शर्मिष्ठांनी अहवाल पुढे ओढला. ते हात जोडून जिना उतरून गेल्यावर त्यांनी अहवालावर सही केली.