मुखवट्याची मागची बाजू

"मागं?" साळुबाईने तोंडातलं पान गालात सारलं. "मागचं कुनी बघत न्हाई, बाबा."

परवेजला वाटलं, म्हातारीला आपला प्रश्न कळला नाही. देवळातल्या भिवजाईच्या पितळी मुखवट्याला पाठीमागे काही नक्षी आहे की नुसताच पत्रा, एवढंच त्याने विचारलं होतं. दिवेलागण झाली होती. देवळापुढच्या पटांगणात पडदा बांधून झाला होता आणि जत्रेची माणसं सतरंज्यांवर दाटीवाटीने बसली होती. देवीचं फिरतं सोनेरी चिन्ह पडद्यावर यायला अजून अवकाश होता, म्हणून आपलं विचारलं.

"माझं सासरं पुजारी व्हतं," साळुबाई म्हणाली. "जन्मभर मुखवटा त्यांनीच धुतला. धुताना हात मागं जायचा, नजर न्हाई. देवीची पाठ या गावात कुनी बघितली न्हाई. आमच्या हौशीरामनंबी न्हाई."

"आणि कुणी बघितली तर?"

"कोन कशाला बघंल?"

परवेजने पडद्याकडे पाहिलं.

साळुबाईचा मुलगा हौशीराम यंदा जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला होता. कमिटीचं चिन्ह इतकी वर्षं फलकावर सपाट पडून होतं. मधे मुखवटा, भोवती गोल, गोलात अक्षरं. ते टीव्हीवरच्या चॅनेलांसारखं गरागरा फिरलं पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो थेट जुन्नरला परवेजच्या दुकानात आला. परवेज लग्नाचे अल्बम करायचा. थ्रीडी तो आपलं आपणच धडपडून शिकला होता. त्याने सपाट चित्राला जाडी दिली, गाल वर उचलले, नथ सुटी केली, सगळ्यावर सोन्याची झळाळी चढवली. पण फिरवायचं म्हणजे मागे काहीतरी हवं, आणि चित्राला मागची बाजू नसतेच. ती त्याने मनाने घातली. देवीला अंबाडा केला, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. त्या गजऱ्यावर तो स्वतःच इतका खूश झाला, की तिथे आल्यावर फिरण्याचा वेग त्याने मुद्दाम कमी केला. हौशीराम बघायला आला तेव्हा पडद्यावर समोरचा चेहरा होता. तेवढ्यात भारनियमनामुळे लाइट गेली. "झ्याक झालंय, राव," म्हणून गडी निघून गेला.

परवेज ताडकन उठला. सीडी लावायचं यंत्र पार पुढे, पडद्यापाशी होतं. मधे सगळं गाव बसलेलं.

"ए, खाली बस की! दिसंना आमाला!"

हीच चूक गावातल्या एखाद्या पोराने केली असती, तर दोन शिव्यांवर भागलं असतं. पण परवेज हे नाव चुकीला चिकटलं की तिला कुणी चूक म्हणत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला भीती वाटली. घरी बायको, उजमा, वाट पाहत असेल, दुकानाला काच आहे, काचेवर मोठ्या अक्षरात आपलंच नाव आहे, असं काहीबाही डोक्यात येऊ लागलं. त्याने अल्लाचं नाव घेतलं. मग वाटलं, भिवजाईचंही घ्यावं, पण तिला कोणत्या तोंडाने हाक मारणार?

त्याने हात वर करून हौशीरामला खूण केली. थांबा, लावू नका.

हौशीरामला वाटलं, रामराम केला. तो माइकवर गरजला, "मंडळी, ह्ये समदं करनारं आपलं परवेजभाऊ! जुन्नरवालं! त्ये बघा, तिकडं उभं हायेत!"

सगळं पटांगण मागे वळून त्याच्याकडे बघू लागलं. टाळ्या पडल्या. आता तर लपायलाही जागा उरली नाही. साळुबाईने त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं आणि पटांगणातले दिवे मालवले गेले.

पडद्यावर काळोखातून मुखवटा वर आला. सोन्याचा, पिठूर उजेडात न्हालेला. बायांनी हात जोडले. कुणीतरी चांगभलं म्हटलं. मग मुखवटा हळूहळू फिरू लागला. गाल सरकला, कान आला, कानातली बुगडी चमकली.

एकाएकी सगळीकडे सामसूम झाली. लहान पोरसुद्धा रडेना. अंगावर धावून येण्याआधी माणसं अशीच गप्प होतात, हे परवेजने ऐकलं होतं. पळायचं तर कुठून, हे बघायला त्याने मान वळवली.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. पुढच्या रांगेतल्या बाया, कडेला उभे असलेले गडी, पडद्यापाशी माइक धरून उभा हौशीराम, सगळे डोळे मिटून होते. बायांनी मांडीवरच्या पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवले होते. पडद्यावर अंबाडा सावकाश फिरत होता, गजऱ्याची एकेक कळी दिसत होती, आणि ती बघणारा साऱ्या पटांगणात तो एकटाच होता.

साळुबाईचा खरबरीत हात अंधारात चाचपडत त्याच्या मनगटावर आला. तिचेही डोळे मिटलेले होते.

"तू बघतुयास न्हवं, परवेज?" ती हळूच म्हणाली. "म्होरं आली की सांग बाबा आमाला."

परवेज पडद्याकडे बघत राहिला. अंबाडा सरला, दुसरा कान आला, मग नथीचा मोती.

"आली, आजी," तो म्हणाला. "उघडा डोळे."

ते आजूबाजूच्या बायांनीही ऐकलं, आणि त्यांनी पोरांच्या डोळ्यांवरचे हात काढले.