कोऱ्या घरातलं कुंकू

हुडकेश्वरला तेव्हा घरं थोडी आणि वावरं जास्त होती. "यात अजून कोणी राहिलंच नाही, रुपरावजी," दलाल भैय्याजी नव्या घराच्या ओट्यावर उभा राहून सांगत होता.

रुपरावांची विधवा बहीण जयवंता एकटीच आत घर पाहत होती. वहिनीच्या हळदीकुंकवाला तिला मागच्या खोलीत बसावं लागे, म्हणून तिला स्वतःचं घर हवं होतं.

ती बाहेर आली, आणि भैय्याजीचं बोलणं तुटलं.

तिच्या कपाळावर हळदीकुंकू होतं.

"कोणी लावलं वं?" रुपरावांनी विचारलं.

जयवंतानं कपाळाला बोट लावलं. कुंकू ओलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

"हेच घर घेऊ, भाऊ," ती म्हणाली. मग उंबऱ्याशी वळली आणि रिकाम्या घरात पाहत हळूच म्हणाली, "येतो वं, माय."