दोन ठिपके

"याचं बाकीचं कुठं गेलं?" मोरियिकेनं कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"बाकीचं नाहीच. तीच तर गंमत!" लाडिपो खुलून म्हणाला. "मेनू नाही, निरोप नाहीत, इंटरनेट नाही. काळं पान, पांढरी अक्षरं. लक्ष उडवणारं काही उरलंच नाही. बसायचं आणि लिहायचं."

"ठिपके?"

"कसले ठिपके?"

"अक्षराखालचे. आणि डोक्यावरच्या रेघा. मी योरुबात लिहिते, ओगा. विजेचं बिल नाही लिहीत."

लाडिपो इबादानच्या त्या छोट्या रेडिओ केंद्राचा ओगा, म्हणजे साहेब. रजेच्या अर्जापलीकडे त्यानं जन्मात काही लिहिलं नव्हतं. पण ज्याला लिहिता येत नाही तोच लिहिणाऱ्याला शिस्त लावायला धावतो. मोरियिकेची श्रुतिका 'अजोके' म्हणजे केंद्राचा जीव. ती लागली की बाजारातल्या बायका गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवत. पण लेखिका एकेका शब्दाला खाली ठिपके दे, वर रेघा काढ, करत बसायची आणि नट माईकपुढे जांभया देत उभे.

"ठिपक्यांवाचून कुणाचं अडत नाही," तो म्हणाला. "संदर्भावरून कळतं सगळ्यांना."

"कळतं ना? बरं."

आणि खरंच जमलं. पानं वेळेच्या आधी येऊ लागली. लाडिपो भेटेल त्याला त्या प्रोग्रॅमचे गोडवे गाऊ लागला. घोटाळा झाला तो एकदाच. कुदळ आणि नवरा, दोन्ही 'ओको'. फरक फक्त वरच्या रेघेचा, म्हणजे सुराच्या चढउताराचा. रेघ नव्हती, म्हणून अजोके झालेल्या बोसेदेनं थेट प्रक्षेपणात वाचलं, "माझ्या नवऱ्याला गंज चढलाय. दगडावर घासून काढते." खिडकीखाली अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळणारी बाई इतकी हसली की घाणा करपला. पुढं कित्येक दिवस बायका एकमेकींना विचारत होत्या, "काय गं, घासलास का?"

"बघ!" लाडिपो म्हणाला. "ठिपके-रेघा असत्या तर ही मजा आली असती?"

"नसती आली," मोरियिके म्हणाली. "मजा तुमची, शिव्या मला."

मग शेवटचा भाग आला, आणि त्याच्याआधी आली अलहाजा सिदिकात. तिच्या कापडाच्या जाहिरातींवर श्रुतिका चालायची. ती म्हणाली, शेवट अजोके आणि गावप्रमुख चीफ यांच्या लग्नानं व्हायला हवा. वऱ्हाडातल्या सगळ्या बायकांच्या अंगावर एकच कापड, आणि ते तिच्या दुकानातलं.

"अजोके त्या चीफशी लग्न करणार नाही," मोरियिके कडाडली. "तो तिला थोबाडीत मारतो. ऐकलं नाहीत का?"

"सुधारेल की. माणसं सुधारतात," अलहाजा म्हणाली.

"कुठल्या आठवड्यात?"

"बाई, लग्न लाव," लाडिपो मधे पडला. "नाहीतर 'अजोके' मी दुसऱ्याला देतो लिहायला. मग तो तिचं काय करील ते करील."

इतकी वर्षं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली अजोके परक्याच्या हाती जाणार, हे मोरियिकेला सोसवेना.

"लिहिते," ती म्हणाली. "पंचांसमोर चीफ विचारेल, काय हवं. ती सांगेल."

"आणि चीफला शपथ घ्यायला लाव. मागशील ते देईन म्हणावं. म्हणजे नंतर कुणी पलटायला नको."

"लावते घ्यायला."

प्रक्षेपणाच्या दिवशी सकाळीच पानं आली. लाडिपोनं शेवटची ओळ वाचली. मो फे ओको. मला नवरा हवा. तो हसला. मग त्याचं हसू अर्ध्यावर अडकलं. नवऱ्याच्या ओकोला खाली दोन ठिपके लागतात. ठिपके नसले की ओको म्हणजे शेत!

मला शेत हवं. अस्सं!

त्यानं पेन काढलं, दोन्ही अक्षरांखाली टपोरे ठिपके दिले आणि मोरियिकेला बोलावलं.

"शेत काय? मला काय दुधखुळा समजलीस?"

तिनं पान जवळ ओढलं. "ठिपके तुम्ही दिलेत, ओगा?"

"या हातानं."

"मग माझं बोलणंच खुंटलं." तिनं मान खाली घातली. लाडिपोला तिची दयाच आली. त्यानं तिच्यासाठी थंडगार माल्टची बाटली मागवली.

दुपारी स्टुडिओत अलहाजा कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली. काचेपलीकडे आवाजांचं काम बघणारा वासिऊ लग्नाचे ढोल वाजवायला सज्ज. लाडिपोनं बोसेदेच्या हातातलं पान पुन्हा तपासलं. ठिपके होते. तो निवांत टेकला. लहान पोरासारखे त्याचे पाय खुर्चीखाली हलत होते.

"अजोके," चीफ गरजला, "पंचांच्या देखत शपथ घेतो, मागशील ते देईन! बोल, काय हवं?"

बोसेदेनं श्वास घेतला.

"मो फे ओको." शेवटचं अक्षर तिनं गळ्यात खोल, अगदी तळाला उतरवलं. ना शेत, ना नवरा. तिसरीच ओको.

मला मोटारगाडी हवी.

खिडकीखालून बायकांचा एकच गिल्ला उठला. अलहाजा गठ्ठ्यावर डोकं टेकून खदखदून हसत होती. लाडिपोनं झडप घालून पान ओढलं. ठिपके जागच्या जागी होते. रेघा मात्र अख्ख्या पानावर कुठंच नव्हत्या.

"थांबव!" तो काचेकडे वळून ओरडला. "ढोल लाव, ढोल!"

वासिऊनं मान डोलावली, मोरियिकेकडे बघून डोळा मारला आणि बटण दाबलं. घुर्र करत गाडी सुरू झाली.