पहिली फेरी

आप्पासाहेब पिकअपखाली पाठीवर सरकले आणि तिथूनच त्यांनी बारा-तेराचा पाना मागितला. सुदर्शननं तो त्यांच्या हातात ठेवला. मी येऊ का खाली, असंही विचारलं. ते नको म्हणाले. चाकं आणि ब्रेक त्यांच्याकडे, बाकीची गाडी पोरांकडे, ही वाटणी पहिल्याच रविवारी झाली होती आणि तिच्यात बदल खपत नव्हता.

कंधारमधल्या त्यांच्या घरामागं पत्र्याचं शेड होतं. तिथं वर्षभर दर रविवारी तिघं गाडीशी झटत होते: आप्पासाहेब, वेल्डिंगवाला आनंदराज, आणि मोबाइलचं दुकान बंद ठेवून येणारा सुदर्शन. गाडी म्हणजे जीपच्या तोंडाची जुनी पिकअप, दोन्ही पोरांपेक्षा वयानं मोठी. तिला पुन्हा उभं करायचं खूळ आप्पासाहेबांनी काढलं, तेव्हा त्यांची बायको चतुराबाई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. एकुलता एक पोरगा रामलिंग जिच्यात गेला ती दारात कशाला, एवढंच तिचं म्हणणं होतं. पुढं तीच तिघांना चहा आणून द्यायला लागली. माणूस किती दिवस रुसणार?

रामलिंगला जाऊन दोन वर्षं झाली होती. नांदेडच्या बाजारात भाजी टाकून परत येताना गाडी उतारावर सुटली आणि बाभळीवर आदळली. शेजारी बसलेला त्याचा दोस्त सुदर्शन वाचला. गाडी चालवणारा रामलिंग जागीच गेला. पोलिसांच्या कागदावर असंच होतं, आणि सगळ्या कंधारला असंच माहीत होतं.

चालवत होता सुदर्शन.

त्याच्याकडं कच्चं लायसनसुद्धा नव्हतं. उतार यायच्या आत मी घेतो, असं रामलिंग म्हणाला होता. जरा अजून, जरा अजून, करत सुदर्शननं स्टेअरिंग सोडलं नाही. मग उतार लागला. रामलिंग नुसता ‘खालच्या गिअरवर घे, खालच्या गिअरवर घे’ म्हणत राहिला. सुदर्शननं सगळा जोर लावून पाय दाबला. ब्रेकवर की क्लचवर, हे त्याला आजही छातीठोक सांगता आलं नसतं. गाडी थांबली नाही एवढं खरं. नवशिक्याचा पाय चुकतोच, आपलाही चुकला, असं त्यानं स्वतःशी धरून ठेवलं होतं.

मागून मोटारसायकलवर येणाऱ्या आनंदराजनं दोघांना बाहेर ओढलं. पोलिसांना नाव त्यानंच सांगितलं. रामलिंग तर गेला, आता याचं आयुष्य कशाला मातीत घालायचं, असा त्याचा सरळ हिशेब. सुदर्शन तेव्हा तोंड मिटून बसला, तो मिटूनच राहिला.

पुढं लोक बोलायला लागले की आप्पासाहेबांचं पोरगं लई बेफाम हाकायचं. ते चतुराबाईच्याही कानावर गेलं. एका रविवारी चहाचा कप पुढं करताना तिनं विचारलं, “तू तर जवळ होतास. खरंच पळवत होता का रं तो?”

“न्हाई काकू,” सुदर्शन म्हणाला.

तिला सांगण्याजोगं तेवढंच खरं त्याच्यापाशी होतं.

आप्पासाहेबांनी मात्र कधीच काही विचारलं नाही. अपघाताच्या दिवशी नाही, तेराव्याला नाही, वर्षभराच्या रविवारांतही नाही. लोक पोराला नावं ठेवत, तेव्हाही ते मान खाली घालून ऐकून घेत. सुदर्शनला त्यांच्या या थोरपणाची भीती वाटायची. त्यांनी एकदा गचांडी धरली असती तर तो सुटला असता.

रंग लागला, हूड शिवून आलं, आणि आप्पासाहेबांनी जाहीर केलं: खंडेनवमीला गाडीची पूजा, आणि पहिली फेरी सुदर्शन मारणार. त्या दिवसानंतर सुदर्शननं कसल्याच स्टेअरिंगला हात लावला नव्हता. आता एक तर तिथं बसायचं, नाही तर बोलायचं. तो तीनदा बोलायला गेला. दोनदा जीभ उचलली नाही. तिसऱ्यांदा आनंदराजनं त्याला शेडच्या मागं नेऊन बजावलं, की म्हाताऱ्याला निदान ही गाडी तरी सुखानं बघू दे.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. झेंडूचा हार चढला, नारळ फुटला. अर्ध्या चावीत इंजिन लागलं, तसा आनंदराज लहान पोरासारखा हसला आणि पेढे आणायला चौकात पळाला. चतुराबाईनं बॉनेटला कुंकू लावलं. तिचा हात तिथंच थोडा वेळ राहिला. मग डोळ्याला पदर लावून ती घरात गेली.

शेडमध्ये दोघंच उरले. आप्पासाहेबांनी इंजिन बंद करून चावी पुढं केली. “बस.”

सुदर्शननं चावी घेतली नाही. त्यानं त्यांचे पाय धरले.

“आप्पा, त्या दिशी गाडी मी चालवत होतो. रामलिंग न्हाई. माझा पाय चुकला. माझ्यामुळंच गेला तो.”

सुदर्शन मार खायची वाट बघत तसाच वाकून राहिला. मग आप्पासाहेब हळूच गाडीच्या पायरीवर टेकले आणि त्यांनी त्याला दंडाला धरून वर घेतलं.

“तुझा पाय चुकला न्हाई, लेकरा,” ते म्हणाले. “रामलिंग सकाळी निघतानाच बोलला होता, आप्पा, ब्रेक नीट लागत न्हाईत, आज राहू द्या. मीच म्हणलो, एवढी खेप मारून ये.”